बेअरिंग काढताना या चुका टाळा

देवगडहून रत्नागिरीला जायचं बेअरिंग (उत्तर दिशेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे अंशांत मोजलेली दिशा) उणे ९ आलं, आणि परतीचंही उणे ९? कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही. दीपगृहांचे ढोबळ आकडे घ्या: देवगड १६°२३′ उत्तर, ७३°२२′ पूर्व; रत्नागिरी १६°५९′, ७३°१६′. जाताना ३६ मिनिटं उत्तरेला, ६ पश्चिमेला. येताना दोन्ही चिन्हं उलटतात, पण पूर्वेचा फरक भागिले उत्तरेचा फरक हा भागाकार तोच उरतो, आणि टॅन इन्व्हर्सला फक्त भागाकार दिसतो. उत्तरेचा फरक उणे असेल तर उत्तरात १८० मिळवा. तरीही आलेला आकडा उणे राहिला तर ३६० मिळवा. मग जाताना ३५१, येताना १७१.

एटॅन२ (ATAN2, दोन्ही फरक वेगवेगळे घेणारं टॅन इन्व्हर्सचं फंक्शन) वापरलं तर १८० ची भानगड राहत नाही. मात्र एक्सेलमध्ये उत्तरेचा फरक आधी आणि पूर्वेचा नंतर द्यायचा, पायथॉनमध्ये नेमकं उलट. उत्तर दोन्हीकडे रेडियनमध्ये मिळतं, त्याचे अंश करून घ्या.

सगळ्यात फसवी चूक मिनिटांची. १६°५९′ म्हणजे १६.५९ नव्हे, १६.९८३. मिनिटांना ६० ने भागायचं. गंमत म्हणजे देवगड-रत्नागिरीत ही चूक करूनही बेअरिंग बरोबर येतं, कारण दोन्ही ठिकाणं एकाच अंशात आहेत; फक्त अंतर चुकतं. म्हणून ती महिनोन्‌महिने लपून राहते. रत्नागिरीहून जयगड (१७°१८′, ७३°११′) काढा, की उघडी पडते: उत्तरेचा खरा फरक १९ मिनिटांचा, तुमचा ०.५९ अंश, म्हणजे ३५ मिनिटांहून जास्त. खरं बेअरिंग ३४६, तुमचं ३५५. वीसेक सागरी मैलांच्या पल्ल्यात तीन मैल बाजूला!

रेखांशाचा फरक अक्षांशाच्या कोसाइनने गुणायला विसरू नका. इकडे तो ०.९६ च्या आसपास. किनाऱ्याला समांतर जाताना फरक जाणवत नाही, वायव्येला खोल समुद्रात निघालात तर अंशभर पडतो.

गणितातलं बेअरिंग खऱ्या उत्तर दिशेपासून मोजलेलं असतं. होकायंत्राची उत्तर दिशा तिच्यापासून किती सरकली आहे ते नकाशावरच्या दिशाचक्रात पाहा. कोकणात हा फरक लहान असतो. होकायंत्राशेजारी ठेवलेला मोबाईल त्याहून जास्त घोळ घालतो.

आणि ३५१ हा आकडा म्हणजे मार्ग नव्हे. ती सरळ रेषा विजयदुर्गापाशी किनाऱ्याला घासून जाते, तेव्हा आधी थोडं पश्चिमेला बाहेर पडा आणि तिथून नवं बेअरिंग काढा.