काथ्या आणि कोकोपीट वापरताना या चुका टाळा

नारळाचं सोडण (करवंटीवरचं तंतुमय जाड साल) फोडलं की त्यातून दोन अगदी वेगळ्या गोष्टी निघतात. एक म्हणजे लांब, चिवट धागा, तोच काथ्या. दुसरी म्हणजे त्या धाग्यांना चिकटलेला मऊ तपकिरी भुसा. हा भुसा चाळून, वाळवून, दाबून विटा पाडल्या की त्याला कोकोपीट म्हणतात. वजनाचा ढोबळ हिशेब असा की सोडणात एक हिस्सा काथ्या आणि दोन हिस्से भुसा. काथ्यातून पाणी निथळून जातं, भुसा मात्र आपल्या वजनाच्या पाच ते आठ पट पाणी धरून ठेवतो. बहुतेक तक्रारींचं मूळ या फरकात सापडतं. धाग्याकडून भुशाचं काम मागितलं जातं, नाहीतर भुशात आधीपासून काय साठलं आहे ते न पाहता तो थेट मुळांशी घातला जातो.

पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे क्षार गेले, असं समजणं

कोकोपीट भिजवलं की चहाच्या रंगाचं पाणी सुटतं. ते फिकट होईपर्यंत धुवायचं आणि मग निर्धास्त व्हायचं, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. तो तपकिरी रंग टॅनिनचा, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याचा असतो. रोपाला जाळणारे क्षार, म्हणजे मुख्यतः पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड, पाण्यात विरघळले तरी दिसत नाहीत. नारळाच्या सोडणात पोटॅश मुळातच भरपूर असतं. त्यात सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवलेली असतील तर सोडियमही वाढतं. त्यामुळे गडद पाणी सोडणारं कोकोपीट निर्धोक असू शकतं आणि फिकट पाण्याचं घातक.

खात्री करायची तर ईसी मीटर हवा. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता; विरघळलेले क्षार जितके जास्त, तितका हा आकडा मोठा. एक वाटी ओलसर कोकोपीट आणि दीड वाटी डिस्टिल्ड पाणी एकत्र ढवळा, अर्धा तास ठेवा, गाळून मोजा. आकडा ०.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली आला तर बियांनाही चालेल. १ च्या वर गेला तर पुन्हा धुणं आलंच. सामू (पीएच) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा.

धुण्याची पद्धतही बऱ्याचदा चुकते. ५ किलोची वीट टबात टाकून २५ लिटर पाणी ओततात आणि सगळं पाणी शोषलं गेलं की काम झालं म्हणतात. पाणी बाहेर गेलंच नाही, तर क्षार जातील कुठे? ते फक्त सगळीकडे सारखे पसरले. फुगलेलं कोकोपीट (अशा विटेपासून साधारण ६० ते ७० लिटर होतं) तळाला भोकं असलेल्या टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत भरा, वरून पाणी सोडा, पूर्ण निथळू द्या आणि मगच पुढचं पाणी घाला. असं दोन-तीनदा करून पुन्हा मोजा. धुण्याच्या पाण्याचा ईसीही आधी तपासावा. विहीर किंवा बोअरचं पाणीच खारं असेल तर कितीही धुतलं तरी आकडा त्या पाण्याच्या खाली उतरणार नाही.

धुतलं, तरी नवी पानं करपतात

इथे गोष्ट थोडी खोल आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. भुशाच्या कणांवर पोटॅशियम आणि सोडियम धरून ठेवणाऱ्या जागा असतात. साध्या पाण्याने मोकळे क्षार निघून जातात, पण कणांना चिकटलेले राहतात. पुढे खतातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिलं की कण ते स्वतःकडे ओढून घेतात आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम-सोडियम पाण्यात सोडतात. रोपाला कॅल्शियम मिळतच नाही. मग कोवळ्या पानांच्या कडा जळतात, टोमॅटोच्या बुडाशी काळपट खोलगट डाग पडतो, आणि माणूस रोग समजून बुरशीनाशक फवारत बसतो.

यावर उपाय म्हणजे लागवडीआधी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात कोकोपीट भिजवणं. दर लिटर पाण्याला साधारण २ ग्रॅम घेतलं की द्रावणाचा ईसी २ च्या आसपास येतो. त्यात २४ तास ठेवा, निथळून टाका, मग साध्या पाण्याने एकदा धुवा. या द्रावणात सल्फेट किंवा फॉस्फेट असलेली खतं मिसळू नका. कॅल्शियमशी त्यांचा साका बनून तळाला बसतो आणि दोन्ही वाया जातात. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) द्यायचं असेल तर नंतर, वेगळ्या पाण्यातून द्या.

विटेच्या वेष्टनावर ‘धुतलेलं’ आणि ‘बफर केलेलं’ (म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे कॅल्शियमच्या द्रावणात भिजवलेलं) असे दोन वेगळे शब्द असतात. पहिला वाचून दुसरा गृहीत धरू नये.

कच्चा भुसा थेट मातीत मिसळणं

काथ्या काढून उरलेला भुसा फुकट किंवा स्वस्तात मिळतो, म्हणून तो टोपल्यांनी वाफ्यात जातो आणि तीन आठवड्यांत पीक पिवळं पडतं. ताज्या भुशात कर्बाचं नत्राशी प्रमाण १००:१ च्याही वर असतं. तो कुजवणाऱ्या जीवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतलंच घेतात. पिकाच्या वाट्याला काही उरत नाही. शिवाय भुशात लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारं, सावकाश कुजणारं द्रव्य) भरपूर असल्याने हे कुजणं लवकर संपत नाही.

भुसा आधी कुजवा. १०० किलो भुशाला ५०० ग्रॅम युरिया आणि सुमारे १५० ग्रॅम धिंगरी अळंबीचं बियाणं (स्पॉन) असं प्रमाण पुरतं. सावलीत १० किलो भुशाचा थर पसरा, त्यावर स्पॉन भुरभुरा. त्यावर पुन्हा १० किलो भुसा, त्यावर युरिया. असे दहा थर एकाआड एक लावत जा. स्पॉन आणि युरिया एकाच थरावर टाकले तर अळंबीचे तंतू वाढण्याआधीच मरतात. ढीग कायम ओलसर ठेवा. मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण धार लागू नये. साधारण ६० दिवसांत ढीग खाली बसतो, रंग काळपट होतो आणि कर्ब-नत्र प्रमाण २४:१ च्या जवळ येतं.

ढिगातून अमोनियाचा उग्र वास आला तर युरिया जास्त झाला आहे किंवा पाणी साचलं आहे. ढीग मोकळा करून कोरडा भुसा मिसळा. महिना झाला तरी रंग बदलत नसेल तर बहुधा आतून कोरडा आहे. वरून पाणी शिंपडल्याने फक्त वरचा थर भिजतो, ढीग फोडूनच भिजवावा लागतो.

वरून कोरडं, खाली चिखल

कोकोपीटचा वरचा थर लवकर वाळून फिकट दिसतो. तेवढं पाहून रोज पाणी घातलं की तळ कायम तुंबलेला राहतो, मुळं तपकिरी होऊन गळतात आणि कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या घोंगावू लागतात. रंगावर जाऊ नका. बोट दोन पेरं आत घालून पाहा, किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या. एकदा भरपूर पाणी दिल्यावर आणि एकदा रोप तहानल्यावर उचलून पाहिलं की फरक हाताला कळतो.

निव्वळ कोकोपीटमध्ये मोठं झाड लावू नये. ते हलकं असल्याने झाड कलतं, त्यात अन्नद्रव्यं जवळजवळ नसतात आणि वर्षभरात कण बारीक होऊन हवा खेळायची थांबते. कुंडीसाठी चार भाग कोकोपीट, तीन भाग चांगलं कुजलेलं खत आणि तीन भाग परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू हे मिश्रण भरवशाचं आहे. गांडूळखत यापेक्षा वाढवलं तर क्षार पुन्हा चढतात.

रोपांच्या ट्रेमध्ये उलट चूक होते. कोरडं कोकोपीट भरून वरून पाणी मारलं की बिया तरंगून एका कोपऱ्यात जातात. आधी ओलं करा, मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडतील इतकं, मग भरा. अंगठ्याने ठासू नका, ट्रे जमिनीवर हलकेच आपटला की पुरेसं बसतं. पहिली खरी पानं आली की सौम्य खतपाणी सुरू करावं लागतं. इथे माती नाही, त्यामुळे मागचा साठाही नाही.

ऑर्किडसाठी सोडणाचे तुकडे वापरत असाल तर तेही वरच्यासारखेच धुवा आणि दोन-तीन वर्षांनी बदला. ते मऊ पडले की मुळं गुदमरतात.

सोडणं उताणी की पालथी?

नारळाच्या बागेत ओल टिकवायला सोडणं वापरणं ही जुनी आणि उत्तम पद्धत आहे, पण बाजू चुकली की निम्मा उपयोग जातो. जमिनीत पुरताना खोलगट बाजू वर ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी प्रत्येक वाटीत अडतं. दोन ओळींच्या मध्ये, बुंध्यापासून ३ मीटरवर, अर्धा मीटर रुंद आणि तितकाच खोल चर घ्या, थरावर थर लावा आणि मातीने झाका. पावसाळ्याच्या तोंडावर केलं तर पहिल्याच हंगामात चर भरून घेतो. याचा परिणाम पाच ते सात वर्षं टिकतो.

आळ्यात वरून आच्छादन करायचं तर मात्र सोडणं पालथी, फुगीर बाजू वर. उताणी ठेवली तर त्यांत पाणी साचतं आणि डासांची पैदास होते. बुंध्याभोवती सुमारे २ मीटर त्रिज्येच्या आळ्यात २५० ते ३०० सोडणं बसतात. बुंध्याला चिकटवून रचू नका. आणि हो, कोवळ्या रोपांना जे पोटॅश जाळतं, तेच इथे हळूहळू सुटून माडाचं खत होतं. त्यामुळे या कामासाठी सोडणं धुवायची गरज नाही.

दोरी उलगडते, सुटते, मध्येच तुटते

दोरी वळताना आधी धागा कुठला ते पाहा. हिरव्या नारळाचं सोडण महिनोन्‌महिने पाण्यात कुजवून काढलेला पांढरा काथ्या मऊ असतो आणि वळायला तोच योग्य. पिकलेल्या नारळाचा तपकिरी काथ्या जाड आणि ताठ असतो. तो ब्रश, पायपुसणी, गाद्यांसाठी चांगला, पण त्याची बारीक सुतळी वळायला गेलात तर हात सोलतील आणि दोरी केसाळ होईल.

वळण्याआधी धागे मोगरीने बडवून, झटकून भुसा काढा. भुसा राहिला की पीळ घट्ट बसत नाही आणि दोरी वाळल्यावर सैल पडते. पाण्याचा हलका शिडकावा द्या. फार कोरडा धागा मोडतो आणि चिंब ओला वाळताना आकसून पेडांत (ज्या पिळलेल्या लडी एकत्र वळून दोरी होते, त्यांत) फट पाडतो.

उलगडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पेड आणि दोरी एकाच दिशेने पिळलेली. प्रत्येक पेड उजवीकडे पिळला असेल तर दोन पेड एकत्र वळताना डावीकडेच वळायचे. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, त्यावरच दोरी टिकते. तपासायला हातभर दोरी मधोमध दुमडून सैल सोडा. ती सरळ लोंबकळली तर पीळ जुळला. स्वतःभोवती गुंडाळली गेली तर पेडांचा किंवा दोरीचा पीळ जास्त झाला आहे.

मध्येच तुटते ती बहुधा जोडावर. आधीचा धागा संपायच्या आत, तिसरा हिस्सा शिल्लक असतानाच नवा धागा आत घाला आणि दोन्ही पेडांचे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका. काथ्याची दोरी ताणली जाते, खाऱ्या पाण्यात टिकते आणि तरंगते, म्हणून नाव बांधायला ती उत्तम. पण जाडीच्या मानाने तिची ताकद मर्यादित आहे. माणूस किंवा जड सामान उचलायला ती वापरू नये.

रंग उडतो, पायपुसण्याला बुरशी येते

काथ्या मुळात तपकिरी, त्यामुळे फिकट पिवळा किंवा गुलाबी रंग मळकट दिसणारच. गडद रंग घ्या, नाहीतर आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवा. घरात वापरतात ते क्लोरीनचं ब्लीच टाळा, त्याने धागा ठिसूळ होतो. ‘बेसिक’ नावाच्या रासायनिक प्रकारातले रंग पहिल्या दिवशी झगझगीत दिसतात, पण उन्हात झपाट्याने फिके पडतात. दारात ठेवायच्या वस्तूंना अॅसिड प्रकारचे रंग जास्त टिकतात. रंगवण्याआधी कोमट पाण्यात सौम्य साबण घालून काथ्या धुवा आणि रंगवल्यावर सावलीत वाळवा.

पायपुसणं बादलीत भिजवून धुऊ नका. झटका, ब्रश मारा, फार मळलं तर वरून पाणी मारून उभं करून वाळवा. जमिनीवर सपाट ठेवून वाळवलं की खालची बाजू ओली राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. सुटलेला धागा ओढू नका, कात्रीने कापा. सुका काथ्या चटकन पेटतो आणि आतल्या आत धुमसत राहतो, त्यामुळे त्याच्या शोभेच्या वस्तूंजवळ दिवा किंवा गरम बल्ब नको.

उतारावर अंथरलेली काथ्याची जाळी वाहून जाणं

जाळी ताणून अंथरली की ती खड्ड्यांवर तरंगत राहते, पाणी खालून वाहतं आणि माती घेऊन जातं. वरून सगळं नीट दिसतं, म्हणून हा दोष उशिरा कळतो. आधी दगड, ढेकळं काढून उतार सारखा करा आणि बी पेरून घ्या. माथ्यावर साधारण ३० सेंटिमीटर खोल चर काढा, जाळीचं टोक त्यात पुरून माती दाबा, मग जाळी सैलसर, जमिनीला टेकेल अशी खाली सोडत आणा. शेजारच्या पट्ट्या १० ते १५ सेंटिमीटर एकमेकींवर घ्या. खालच्या पट्टीचं टोक वरच्या पट्टीच्या खाली जायला हवं, नाहीतर पाणी जोडातून आत शिरतं. खुंट्या मारताना जिथे जिथे जाळी उचललेली दिसेल तिथे एक जास्तीची मारा. जाळी साधारण तीन-चार वर्षांत कुजते. तोवर गवताची मुळं धरलेली हवीत, म्हणून पहिल्या पावसानंतर मोकळे राहिलेले पट्टे शोधून तिथे लगेच पुन्हा पेरणी करा.