इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याने विजेवरील वाहनांची तयारी कशी करावी

भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचे काम करणाऱ्या लघुउद्योजकाने तयारीची सुरुवात नव्या यंत्रापासून करू नये, स्वतःच्या बिलांपासून करावी. गेल्या बारा महिन्यांची बिले काढून प्रत्येक भागापुढे तो वाहनात कोठे बसतो हे लिहावे. पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि सायलेन्सर यांना केवळ बॅटरीवर चालणाऱ्या वाहनात जागाच नाही; सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि चाके यांना ती कायम आहे. ब्रेकपॅड मात्र मधल्या रकान्यात ठेवावेत, कारण वेग कमी करताना मोटर जनित्राचे काम करून काही ऊर्जा बॅटरीत परत पाठवते, त्यामुळे पॅड कमी झिजतात आणि बदलीची मागणी घटते. विजेवरील वाहनात जागा नसलेल्या भागांच्या, म्हणजे पहिल्या रकान्याची बेरीज एकूण उलाढालीच्या निम्म्याहून अधिक भरली, तर पुढचा प्रत्येक निर्णय त्या आकड्याकडे पाहूनच घ्यावा लागेल.

हा बदल सर्व वाहनांत एकाच वेळी येत नाही. तीनचाकींत तो आधी आला आणि 2023 मध्ये भारत विजेवरील तीनचाकींची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ ठरला. अवजड ट्रकमध्ये त्याचा वेग बराच कमी आहे. म्हणून आपला माल कोणत्या वाहनात जातो, त्या वाहनाच्याच नोंदणीचे आकडे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर इंधनप्रकारानुसार दर तिमाहीला पाहावेत. सरकारी नियमांच्या तारखाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. वाहनांच्या धुरातील प्रदूषणाची मर्यादा ठरवणारे बीएस-6 मानक 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू होणार, हे जानेवारी 2016 मध्येच जाहीर झाले होते. दुचाकींत हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शन घेणार याची चाहूल त्यामुळे चार वर्षे आधी लागली होती, आणि ज्यांनी ती ओळखली त्यांना तयारीला पुरेसा अवधी मिळाला.

आता यंत्रांकडे वळू. नवा माल शोधण्याआधी आपल्या कारागिरांच्या हातात कोणते कसब आहे हे ओळखावे, असे माझे ठाम मत आहे. कॅमशाफ्टचे ग्राइंडिंग करणाऱ्या कारखान्याला मोटरचा शाफ्ट परका नाही, आणि ॲल्युमिनियमचे डायकास्टिंग (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवणे) करणाऱ्याला मोटरचे आवरण किंवा बॅटरीची पेटी अवघड वाटू नये. गिअरचे काम करणाऱ्यांनी मात्र अधिक सावध राहावे. मोटारींतील विद्युत मोटर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते आणि इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची बारीक शीळही आतल्या प्रवाशाला ऐकू येते. त्यामुळे आज चालून जाणारी दातांची अचूकता तेथे पुरत नाही; फिनिशिंग आणि मोजमाप या दोन्हींवर खर्च करावा लागतो.

कर्जाच्या बाबतीत एक नियम पाळावा. इंजिनाच्या एकाच भागासाठी बनवलेले एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन, म्हणजे एकाच कामाचे खास यंत्र) सात वर्षांच्या हप्त्यांवर घेऊ नये. त्यापेक्षा फिक्स्चर (भाग पक्का धरणारी जोडणी) बदलून दुसरे कामही करता येईल असे व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे संगणकावर चालणारे कटिंगचे यंत्र) घ्यावे, मग एका भागाला थोडा जास्त वेळ लागला तरी चालेल. त्याच वेळी जुने काम घाईने सोडणेही चुकीचे आहे. हायब्रिड आणि सीएनजी वाहनांत इंजिन राहतेच, आणि आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांना आणखी अनेक वर्षे सुटे भाग लागणार आहेत. एवढे लक्षात ठेवावे की ग्राहकाच्या ड्रॉइंगवर बनवलेला भाग त्याच्या परवानगीशिवाय बाजारात विकता येत नाही, म्हणून बदलीच्या मागणीतले आपले स्थान करारात आधीच स्पष्ट करून घ्यावे.

नव्या ग्राहकाकडून नमुना मंजूर होऊन नियमित ऑर्डर सुरू होईपर्यंत बराच काळ जातो आणि त्या काळातला खर्च जुन्या कामाच्या नफ्यातूनच भागतो. त्यामुळे जुन्या ऑर्डर भरात असतानाच नमुन्यांसाठी आठवड्यातून एक पाळी राखून ठेवावी. डिस्पॅचच्या धावपळीत हीच पाळी सर्वप्रथम कापली जाते, म्हणून ती ग्राहकाच्या ऑर्डरप्रमाणेच महिन्याच्या शेड्यूलमध्ये लिहून ठेवावी.