सनरूफ गळतंय? रबराला हात लावण्याआधी नळ्या बघा

जूनच्या अखेरीस बडोद्यात पहिला दणकून पाऊस झाला की माझा फोन वाजायला लागतो. "छतातून पाणी येतंय, रबर बदलू का?" कारेलीबागेतल्या माझ्या मामेभावाने तर विचारण्याआधीच गॅरेज गाठलं होतं. तिथे काच उघडूनसुद्धा न बघता निकाल मिळाला, "रबर गयुं छे, बदलावी नाखो." रबर आलं, बसलं, पैसे गेले. पुढच्याच सरीत पाणी पुन्हा आरशाजवळून टपकलं.

सनरूफचं रबर पाणी शंभर टक्के अडवायला बसवलेलंच नसतं. काच आणि छत यांच्या फटीतून थोडं पाणी आत येणार, हे गाडी बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. ते काचेखालच्या चौकटीतल्या पन्हळीत जमतं आणि बहुतेक गाड्यांत चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांतून बाहेर पडतं. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरून दाराच्या बिजागरीपाशी किंवा मडगार्डच्या आत उघडतात. मागच्या दोन डिकीकडच्या खांबांतून मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आत. नळी तुंबली की पन्हळ भरते, काठ ओलांडते आणि पाणी छताच्या अस्तरात मुरतं. म्हणून फटीत सिलिकॉन सीलंट भरायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आधीच्या मालकाने सीलंट भरलेली एक गाडी मी पाहिली आहे. काच छताला चिकटली होती आणि बटण दाबलं की मोटर नुसती कण्हत होती.

आता पाणी सनरूफचंच आहे ना, हे ठरवा. पाऊस नसताना, एसी लावून फिरल्यावर पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं होत असेल तर सनरूफला सोडा; एसीची नळी तुंबली आहे. उन्हाळ्यात एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर खात्रीच समजा. पाऊस थांबल्यावर ब्रेक मारला आणि केबिन लाइटमधून एकदम धार आली, तर पन्हळ भरली आहे. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी असेल तर मागच्या नळ्यांवर संशय घ्या, पण मागच्या दिव्यांची रबरंही बघा. गाडी कशी उभी होती तेही आठवा. आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर नाक वर करून लावलेली गाडी मागे गळते, तीच सपाट जागी पुढे गळते.

काच पूर्ण उघडा, पन्हळ व्हॅक्यूमने साफ करा, मग ओल्या फडक्याने पुसा. क्रम उलटा केलात तर सगळा गाळ तुम्हीच नळीत ढकलाल. बडोद्यात इथे काय काय सापडतं ते एकदा बघाच: कडुनिंबाची पानं, सोनमोहराच्या पाकळ्या, रस्त्याची धूळ आणि उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, मांजा. मांज्याचा वीतभर तुकडा कोपऱ्यात अडकतो आणि बाकीचा कचरा त्याला धरून बसतो. बंदी असलेला नायलॉनचा असेल तर तो कुजतही नाही. मी आता चिमटा घेऊनच बसतो.

मग बाटलीने एकेका कोपऱ्यात थोडं थोडं पाणी ओता, दुसऱ्या कुणाला तरी गाडीखाली बघायला बसवा. होज पाइप नको, वॉशिंगवाल्याचा प्रेशर गन तर नकोच; त्याने चांगलं सनरूफही गळेल. पाणी ओतल्यावर तीनपैकी एक गोष्ट होते. काही सेकंदांत खाली धार आली, तर ती नळी ठीक. पाणी पन्हळीतच थांबलं, तर नळी तुंबली आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट: पन्हळ पटकन रिकामी होते, पण खाली थेंबही येत नाही. तसं झालं तर त्या कोपऱ्यात पुढचा थेंबही ओतू नका. पाणी गाडीतच कुठेतरी चाललं आहे.

ही तिसरी गोष्ट मी स्वतःच्या हाताने घडवून आणली होती, म्हणून इथे जरा थांबतो.

पुढची डावी नळी तुंबली होती. व्हिडिओत बघितलं, हवा मारा, दोन मिनिटांत मोकळी. गेलो पंक्चरवाल्याकडे, नोझल कोपऱ्याच्या भोकात घातलं, दाबलं. आतून 'टप्' असा आवाज आला आणि पाणी झर्रकन उतरलं. मी खूश. पंक्चरवाल्याने पैसेही घेतले नाहीत. गाडीखाली वाकून बघायचं मात्र मला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री पाऊस झाला आणि सकाळी डाव्या खांबाजवळ अस्तरावर चहाच्या रंगाचा, ताटाएवढा डाग. नळी मोकळी झालीच नव्हती, पन्हळीच्या तोंडावरून निसटली होती. तिथे ती बहुतेक वेळा नुसती ओढून बसवलेली असते. खाली बूच घट्ट असेल तर हवेला सगळ्यात सैल जागा तीच सापडते. पाच मिनिटांच्या कामासाठी पुढे अख्खं अस्तर उतरवावं लागलं.

म्हणून हवा मारायची नाही. कमी दाबाने मारू का, असंही मला विचारू नका.

काम खालून सुरू करा. नळीच्या खालच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत चिरेचं रबरी तोंड असतं, बदकाच्या चोचीसारखं. चिखलाने ते चिकटून बसतं आणि वरची नळी स्वच्छ असूनही पाणी अडतं. बोटांनी ते चोळून मोकळं करा. बरेचदा इथेच भळकन काळं पाणी बाहेर येतं आणि काम संपतं.

नाही संपलं तर गवत कापायच्या मशीनची साधारण दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या. टोक काडीने वितळवून गोल, गुळगुळीत करा. कापलेलं धारदार टोक नळीला आतून भोक पाडतं. सायकलच्या ब्रेकची तारही याच कारणाने नको, मग कुणी कितीही शपथा घेऊ दे. दोरी बोटांत फिरवत फिरवत सरकवा. अडली तर जोर नाही. मागे घ्या, फिरवा, पुन्हा सरकवा. नळीला वळणं असतात आणि वळण आणि बूच यांतला फरक हाताला पहिल्यांदा कळत नाही. वळणावर दोरी फिरवली की पुढे जाते, बूच मऊ लागतं आणि दोरीच्या टोकाला काळं लागून येतं. मग खालच्या टोकाला व्हॅक्यूम लावून ओढा. ओढल्याने वरचा सांधा निसटत नाही. शेवटी भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकलेलं कोमट पाणी सिरिंजने वरून हळू सोडा, आणि बाटलीची चाचणी पुन्हा.

नळी निसटलेली निघाली तर मात्र स्वतः अस्तर ओढायला जाऊ नका. छताच्या कडेने आणि खांबांतून पडद्यासारख्या खाली उघडणाऱ्या (कर्टन) एअरबॅग असू शकतात, आणि ओलं अस्तर एकदा दुमडलं की घडी कायमची. कारागिराला एवढंच सांगा: नळी बसवून क्लिप लावा, आणि अस्तर चढवायच्या आधी माझ्यासमोर पाणी ओता.

रबराचं काय? पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. साधं ग्रीस किंवा खोबरेल तेल नको. फाटलं असेल, चपटं झालं असेल तरच बदला.

कार्पेट नुसतं वरून सुकवून भागत नाही; खालचा फोम स्पंजासारखा पाणी धरतो आणि तिथूनच वायरी जातात. सीटजवळची पट्टी काढून कार्पेट उचला, खाली विटेचे तुकडे ठेवा, पंखा लावा. दोन दिवस तरी.

मी स्वतः वर्षातून तीनदा चारही कोपऱ्यांत पाणी ओततो: उत्तरायण झाल्यावर, कडुनिंबाची पानगळ संपल्यावर आणि मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मामेभाऊही आता त्या रविवारी गाडी घेऊन येतो, बाटली मात्र माझीच वापरतो.