'पेमेंट यशस्वी' या पानावर विसंबू नका

वेबसाइटवर रेझरपे (ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा) जोडताना बहुतेक जण एकच चूक करतात: ग्राहक पैसे भरून 'धन्यवाद'च्या पानावर परत आला की ऑर्डर पक्की धरतात. पण यूपीआयमध्ये माणूस पैसे भरायला दुसऱ्या ॲपमध्ये जातो, आणि तिथूनच फोन खिशात टाकतो. पैसे गेलेले असतात, तुमच्या डेटाबेसला मात्र पत्ताच नसतो.

म्हणून रेझरपेच्या डॅशबोर्डवर वेबहुक लावा, म्हणजे निरोप कुठे पाठवायचा तो तुमच्या सर्व्हरचा पत्ता द्या. पैसे जमा झाले की रेझरपेचा सर्व्हरच तुमच्या सर्व्हरला कळवतो, ग्राहकाचा ब्राउझर उघडा असो वा नसो. निरोप खरंच रेझरपेचा आहे ना, हे कळायला त्यासोबतची डिजिटल सही वेबहुकच्या सीक्रेटने (वेबहुक लावताना ठरवलेल्या गुप्त शब्दाने) तपासा, तीही जसाच्या तशा आलेल्या मूळ मजकुरावर. निरोपाचा जेसन (ज्या स्वरूपात माहिती येते ते) उलगडून पुन्हा जुळवलंत तर सही जुळत नाही, आणि दुपार वाया जाते. एकच निरोप दोनदाही येऊ शकतो, तेव्हा इव्हेंटचा आयडी नोंदवून ठेवा, नाहीतर एकाच पेमेंटवर दोन पार्सलं जायची!

रेझरपेला रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत पाठवायची असते: ५०० रुपयांसाठी ५००००. ती सर्व्हरवरच ठरवा, ब्राउझरकडून आलेला आकडा घेऊ नका. रेझरपेची सीक्रेट की (गुप्त किल्ली) गिटमध्ये, म्हणजे कोड साठवायच्या जागी, टाकू नका, हे वेगळं सांगायला नको.