डिफरन्शियलमध्ये कोणतं ऑईल टाकायचं? दुकानात जायच्या आधी हौसिंग बघा

आमच्या बेळगावात स्पोर्ट्स कार मोजक्याच, पण ज्यांच्याकडे आहेत ते जीव टाकतात गाडीवर. रविवारी पहाटे जांबोटी-कणकुंबी करत चोर्ल्यापर्यंत जाऊन यायचं हे ठरलेलंच. इंजिन ऑईलवर तासभर बोलतील, पण मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटून देणाऱ्या गिअरच्या संचात, कोणतं ऑईल आहे विचारलं की "९० टाकलंय" एवढंच, म्हणजे ९० नंबरच्या जाडीचं गिअर ऑईल. हौसिंग म्हणजे त्या संचाचं बाहेरचं कवच.

गेल्या वर्षी माझ्या मित्राच्या जुन्या कूपेत एका गॅरेजवाल्यानं असंच साधं ९० भरून दिलं आणि दोन दिवसांनी गल्लीतून हळू वळवून काढताना मागून कडकड आवाज यायला लागला, अख्खी गाडी थरथरायची, मित्राला वाटलं क्राऊन-पिनियनच, म्हणजे डिफरन्शियलचे मुख्य गिअरच, गेले. उद्यमबागेतल्या ओळखीच्या मेस्त्रींनी गाडी वर घेतली, आणि एवढंच विचारलं, "हौसिंगवरची पट्टी बघितलासा काय?" चिखल पुसला तर पट्टीवर सरळ लिहिलेलं, फक्त लिमिटेड स्लिपचंच ऑईल वापरा.

तर पहिलं काम, तुमच्या गाडीला वेगळं डिफरन्शियल आहे का ते बघा. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ते बहुतेक गिअरबॉक्सच्या पोटातच असतं, तिथं गिअरबॉक्सचंच ऑईल चालतं, हा लेख त्यांच्यासाठी नाही. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असेल तर बहुतेक वेळा मागे वेगळं हौसिंग असतं, त्याचं ऑईलही वेगळं.

दुसरं, प्रकार ओळखा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. साधं ओपन, क्लच प्लेटवालं लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून आवर घालणारं), नाहीतर टॉर्सनसारखं तेच काम नुसत्या गिअरवर करणारं. मागची दोन्ही चाकं उचलून, स्टँडवर नीट बसवून, न्यूट्रलमध्ये एक चाक हातानं फिरवायचं, दुसरं उलटं फिरलं तर ओपन, असं सगळे सांगतात, पण टॉर्सनचंही चाक उलटं फिरू शकतं आणि घासलेल्या क्लच प्लेटचंही, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. पट्टी, मॅन्युअल आणि चेसिस नंबरवरून कंपनीकडची माहिती, या तिन्ही गोष्टी जुळवून बघा.

क्लच प्लेटवालं असेल तर ऑईलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटांमधलं घर्षण जुळवणारं ॲडिटिव्ह, लागतो. तो नसेल तर प्लेटा एकमेकींवर सरकताना अडकत-सुटत जातात, तीच ती कडकड. काही डब्यांवर एलएस, म्हणजे लिमिटेड स्लिप, लिहिलेलं असतं, त्यात तो आधीच घातलेला असतो, वर आणखी बाटली ओतू नका, जास्त झालं तर प्लेटा घसरतात आणि लिमिटेड स्लिपचा उपयोगच राहत नाही. टॉर्सनला सहसा त्याची गरज नसते.

तिसरं, डब्यावर जीएल-५ बघा, हा गिअर ऑईलचा दर्जा. हायपॉईड डिफरन्शियलमध्ये पिनियन (छोटा गिअर) क्राऊनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्याच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात नुसते एकमेकांवर गुंडाळत नाहीत, घासत सरकतात, आणि तो दाब झेलायला गंधक-फॉस्फरसचं ॲडिटिव्ह लागतं, जीएल-४ मध्ये ते कमी असतं. तो उग्र वास त्याचाच, साबणानं दोनदा हात धुतला तरी जेवताना येतो. पण उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका, गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला ते त्रासदायक ठरू शकतं.

मग आकडे. ७५डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा थंडीचा, दुसरा ऑईल तापल्यावरच्या जाडीचा. ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंशाला होते, आपल्याकडे तसली थंडी कुठली, त्यामुळे दुसरा आकडा जपायचा. मॅन्युअलमध्ये ९० आहे तर ९०च. ट्रॅकवर पळवणार असाल आणि कंपनीनंच त्यासाठी १४० सांगितलं असेल तरच तिकडं वळा, उगीच जाड घातलं की ताकद नुसती ऑईल घुसळण्यात जाते. आणि हो, गिअर ऑईलचं ९० म्हणजे इंजिनच्या ४०-५० च्या आसपासची जाडी, दोन्हींचे आकडे वेगळ्या मोजपट्टीचे आहेत, तुलना करू नका.

बदलताना थोडी गाडी फिरवून ऑईल कोमट करा. आधी वरचा फिलर नट सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन नट काढा, नाहीतर सगळं ऑईल खाली आणि भरायची वाटच बंद. ड्रेन नटला बहुधा चुंबक असतं, त्यावरची राखाडी पेस्ट बोटांत चोळून बघा, मऊ लागली तर ठीक, दाताचा तुकडा किंवा टोचणारा कण लागला तर ऑईल राहू दे, आधी हौसिंग उघडा. वॉशर नवीन घाला, गाडी सपाटीवर ठेवून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या उंचीपर्यंत भरा, बहुतेक ठिकाणी भोकाच्या काठापर्यंत. लिमिटेड स्लिप असेल तर मोकळ्या मैदानात हळूहळू आठचे आकडे काढा, नवीन ऑईल प्लेटांत मुरतं. मित्राची कडकड त्या संध्याकाळीच थांबली.

पावसाळ्यात खानापूरकडं रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर फिलर नट उघडून एकदा बोट घालून बघा. तापलेलं हौसिंग एकदम गार झालं की ब्रीदरमधून, म्हणजे हौसिंगच्या हवा ये-जा करायच्या वाटेतून, पाणी आत ओढलं जातं. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर किलोमीटर बघत बसू नका, त्याच दिवशी काढा.