सिंगापूरला निघालात? आधी पाटी वाचा

आमच्या चिपळूणच्या मोहल्ल्यातून कुणी सिंगापूरला निघालं की मला फोन येतो, "भाभी, तिकडे खायचं काय?"

मी सांगते, आत शिरण्याआधी 'मुइस'चं, म्हणजे सिंगापूरच्या इस्लामी परिषदेचं, हलाल प्रमाणपत्र शोधा आणि त्याची मुदत बघा. 'नो पोर्क, नो लार्ड' (डुकराचं मांस नाही, चरबी नाही) या पाटीवर भुलू नका. डुक्कर नाही म्हणजे कोंबडी हलाल झाली असं नव्हे, आणि चिनी रांधपात दारूही पडते. पहिल्या खेपेला मी अशीच फसले. अर्धा वाडगा नूडल्स संपल्यावर कळलं!

हॉकर सेंटरात, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, हलाल नि बिनहलाल ठेले शेजारीशेजारी असतात. रिकामे ट्रे ठेवायच्या जागा वेगळ्या असतात, तेवढं पाळा. पोटभर जेवायचं तर सुलतान मशिदीसमोर, नॉर्थ ब्रिज रोडवर 'झमझम' हॉटेल आहे, १९०८पासूनचं. मटणाचा मुर्तबाक, म्हणजे खिमा भरलेला पराठा, मागवा.

आवडलं तर प्रमाणपत्राचा फोटो, गल्लीचं नाव नि तारीख जमातीच्या ग्रुपवर टाका. नुसतं "माशाल्ला, मस्त होतं" लिहिणाऱ्यांचा पुढच्या माणसाला काय उपयोग? आणि हलाल काही सापडलंच नाही तर, म्हणून खजूर मात्र पर्समध्ये असू द्या.