कोकणात सायकल चालवणाऱ्याने सायकलिंग कॉम्प्युटर कसा निवडावा

सायकलिंग कॉम्प्युटर, म्हणजे हँडलवर बसवायचे वेग, अंतर वगैरे दाखवणारे छोटे यंत्र, घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी किंमत विचारतो आणि मग कोणत्या कॉम्प्युटरमध्ये किती सोयी आहेत ते मोजत बसतो. त्याऐवजी आपण कोणत्या रस्त्यावर, एका वेळी किती तास आणि कोणत्या ऋतूत सायकल चालवतो हे आधी कागदावर लिहून काढले, तर अर्धी निवड तिथेच होऊन जाते.

रत्नागिरीत मांडवीहून भाट्याच्या पुलापर्यंत रोज सकाळी जाऊन येणाऱ्याला वेग, अंतर आणि वेळ एवढेच पुरते. स्पोकला चुंबक लावून चालणारा साधा कॉम्प्युटर ते काम नाण्याएवढ्या सेलवर महिनोन् महिने करतो. मात्र त्यात चाकाचा घेर अचूक भरावा लागतो. ७०० बाय २८ या मापाच्या टायरसाठी तो सुमारे २१३६ मिलिमीटर धरतात. पण टायरवर खडूची खूण करून, सायकलवर बसून चाक पूर्ण एक फेरा पुढे नेऊन टेपने मोजलेला आकडा अधिक खरा, कारण आपल्या वजनाने टायर थोडा दबतो.

सागरी महामार्गाने लांबवर जाणाऱ्यांनी मात्र उंची मोजण्याच्या सोयीकडे सर्वांत आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. समुद्र सतत जवळ असल्यामुळे हा रस्ता सपाट असेल असे बाहेरच्या माणसाला वाटते; प्रत्यक्षात तो दर खाडीशी उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, चढतो, त्यामुळे फारशी उंची न गाठताही दिवसभराची एकूण चढाई एखाद्या मोठ्या घाटाएवढी होते. असे छोटे छोटे चढ केवळ जीपीएसवर नीट मोजले जात नाहीत. त्यासाठी हवेचा दाब मोजणारा कॉम्प्युटर हवा. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर चढल्यावर दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो आणि तो फरक हा सेन्सर टिपतो. पावसाळ्यात हवामान बदलले की दाबही बदलतो, म्हणून निघताना किनाऱ्यावरच उंची शून्याच्या आसपास जुळवून घ्यावी. सेन्सरचे बारीक छिद्र पावसाच्या पाण्याने किंवा घामाच्या मिठाने बुजले की आकडे भरकटतात. ते गोड्या पाण्याने धुवावे, त्यात टाचणी कधीही घालू नये.

दुसरी गोष्ट मला दाभोळहून धोपाव्याला जाताना कळली. सायकल फेरीबोटीच्या कठड्याला टेकवून मी खाडी पाहत उभा होतो आणि स्क्रीनवर अंतर वाढतच होते, कारण सायकल थांबली की नोंद आपोआप थांबवण्याची सोय जीपीएसच्या वेगावर चालते आणि बोट तर पुढे सरकत होती. चाकावर बसवायचा वेगाचा सेन्सर जोडला असता, तर चाक फिरत नाही म्हणून वेग शून्यच दिसला असता. जेट्टीवर आठवणीने नोंद थांबवणे हाही उपाय आहे, पण तो विसरला जातो.

पावसात टचस्क्रीनवर थेंब पडले की पाने आपोआप बदलतात, म्हणून कोकणात बटणांचा कॉम्प्युटर अधिक भरवशाचा. आयपीएक्स ७ हे पाण्यापासून बचावाचे मानांकन असलेले यंत्र गोड्या पाण्यात १ मीटर खोलीवर ३० मिनिटे टिकते, पण खारट पाण्याची हमी त्यात धरू नये. चार्जिंगची खाच पूर्ण कोरडी झाल्याशिवाय केबल लावू नये.

घाटात आणि खाडीकाठी मोबाइलची रेंज जाते, तेव्हा नकाशा कॉम्प्युटरमध्येच साठवलेला असावा. ओळखीच्या रस्त्यासाठी नुसती मार्गरेषा दाखवणारा स्वस्त कॉम्प्युटरही चालतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, साडेतेरा तास आणि ३०० ला वीस तास मिळतात, म्हणून बॅटरीचा छापील आकडा त्याहून बराच जास्त असलेला घ्यावा. पेडलवरचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरशी जोडण्याची सोय, शिस्तीने सराव करणार असाल तरच, जादा पैसे देऊन घ्यावी.

पैसे देण्यापूर्वी कॉम्प्युटर दुकानाबाहेर उन्हात नेऊन आकडे मान न वाकवता वाचता येतात का ते पाहावे आणि ओल्या बोटांनी सगळी बटणे दाबून बघावीत.